गिरणाकाठची चौदा माणसं आणि एक जहाज

आबांना एक्क्याऐंशीवं लागलं आणि घरात सहस्रचंद्रदर्शनाचा विषय निघाला. आबा म्हणजे माझे सासरे. नाना, म्हणजे थोरले दीर, मांडवाच्या हिशेबाला लागले होते. वरण-बट्टीची जेवणावळ, भडगाव-पाचोऱ्याची सगळी भाऊबंदकी, रात्री कीर्तन. आबांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मांडव नको, जेवनावळ नको. माले समुद्र दखाडा."

मुंबई त्यांनी पाहिलेली होती, पण एकदा दवाखान्यासाठी आणि एकदा मंत्रालयातल्या कागदासाठी. समुद्र टॅक्सीच्या काचेतून जेवढा दिसला तेवढाच.

कोकणात जायचं तर दोन गाड्या, तीन हॉटेलं, रोज बॅगा बांधा-सोडा, आणि आबांचे गुडघे. पुण्याच्या पुतण्याने जहाज काढलं. मुंबईहून निघायचं, कोची, लक्षद्वीप, परत मुंबई. खोली एकदा लावली की लावली, आणि लिफ्ट प्रत्येक मजल्याला. जिजींचा, म्हणजे सासूबाईंचा, पहिला प्रश्न : "आन् म्हशी कोन सांभायी?" मोठ्या जाऊबाईंचा दुसरा : "तिथे स्वयंपाक कोणी करायचा?" कोणी नाही, असं सांगितल्यावर त्यांचा विश्वास बसला नाही. नानांची अडचण खरी होती. नाताळची सुटी म्हणजे मुलांची सोय, पण शेतात दुसऱ्या वेचणीचा कापूस फुटलेला. शेवटी सालदाराच्या आणि शेजारच्या काकांच्या गळ्यात सगळं घालून निघायचं ठरलं.

बुकिंगचं एवढंच सांगते. खिडकी नसलेली खोली सर्वात स्वस्त, मग समुद्र दिसणारी, मग बाल्कनीची. म्हाताऱ्या माणसांना खिडकी हवीच. सकाळ झाली की नाही हे त्यांना दिवा लावून कळायला नको. त्यातही खालच्या मजल्यावरची, जहाजाच्या मधल्या भागातली आणि लिफ्टजवळची घ्यावी; डोलणं तिथे कमी जाणवतं. आणि चौदा माणसांच्या खोल्या एका रांगेत मिळाल्या नाहीत म्हणून भांडू नये. वेगवेगळ्या मजल्यांवर असलेलं बरं असतं.

पहिला दिवस : पाचोरा ते बॅलार्ड पिअर

रात्रीची गाडी पाचोऱ्याहून. सुरतहून आक्का, म्हणजे नणंदबाई, मेहुणे आणि भाचा परस्पर मुंबईला येणार होते, पुण्याची मंडळी तिकडून. गाडीत जाऊबाईंनी दशम्या, ठेचा आणि शेंगदाण्याची चटणी काढली. डब्यातल्या अर्ध्या लोकांना त्यातलं मिळालं. शिजवलेलं अन्न जहाजावर नेता येत नाही हे त्यांना सांगितलेलं होतं, त्यामुळे कसारा घाट उतरेपर्यंत डबा रिकामा करायचा हे त्यांनी कर्तव्य म्हणून घेतलं होतं.

सकाळी मुंबईला उतरलो. दुपारपर्यंत टेकायला स्टेशनजवळच्या एका लॉजवाल्याने दोन खोल्यांचे दिवसभराचे पैसे घेतले आणि बारा वाजता बाहेर काढलं. असो. सीएसएमटीहून जहाजाचा धक्का, म्हणजे बॅलार्ड पिअर, टॅक्सीने काही मिनिटांवर आहे. हा सगळा भाग समुद्र बुजवून केलेला. शेजारची गोदी खणताना निघालेली माती-दगड टाकून पहिल्या महायुद्धाच्या काळात बॅलार्ड इस्टेट उभी राहिली. एकेकाळी विलायतेची टपालाची बोट इथे लागायची आणि फ्रंटियर मेल ही आगगाडी थेट धक्क्याजवळून सुटायची.

आबांना यातल्या कशाचं काही वाटलं नाही. त्यांना कापसाचं सुचलं. अमेरिकेत 1861 ते 1865 यादवी युद्ध चाललं, तिथला कापूस बंद झाला आणि खान्देशच्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्याच सुमाराला रेल्वे आमच्या भागात पोचली, आणि गासड्या मुंबईच्या बंदरात येऊन विलायतेला जाऊ लागल्या. "आपना कापूस आपलापेक्षा पहिले आठून गया," आबा म्हणाले. नाना लगेच म्हणाले, "आणि भाव तेव्हा जास्त होता."

टर्मिनलवर विमानतळासारखीच तपासणी. बॅगांना खोलीच्या नंबरची चिठ्ठी लावायची आणि सोडून द्यायच्या, त्या नंतर दाराशी येतात. जिजींच्या पानपुड्यातला अडकित्ता मशीनमध्ये दिसला. धारदार वस्तू वर जात नाही. तिथल्या पोरीने शांतपणे समजावलं, पावती दिली. जिजी पावती घेईनात. अडकित्ता त्यांच्या आईचा. शेवटी सुपारी तिथेच कातरून घेऊ द्या, असा तोडगा त्यांनी स्वतः सुचवला आणि आश्चर्य म्हणजे मागची रांग हसत थांबली. मूठभर सुपारी कातरून झाली, अडकित्ता जमा झाला.

धक्क्यावर आल्यावर जहाज एकदम समोर येतं आणि पूर्ण दिसतच नाही, मान वळवावी लागते. जिजी म्हणाल्या, "हाई ते आख्खी गल्ली शे वो माय!" आणि खरंच, आमची गल्ली गावाच्या वेशीपर्यंत मोजली तरी एवढीच भरेल. 'एम्प्रेस' हे कॉर्डेलिया कंपनीचं जहाज 211 मीटर लांब, अकरा मजल्यांचं आहे. ते 1990 साली फ्रान्समधल्या सेंट-नाझेरच्या गोदीत 'नॉर्डिक एम्प्रेस' या नावाने तयार झालं. पुढे अमेरिकेजवळच्या कॅरिबियन समुद्रात त्याने बरीच वर्षं काढली, आणि 2021 पासून मुंबईतून फिरतंय. म्हणजे वयाने ते पुतण्यापेक्षा मोठं आणि माझ्यापेक्षा लहान.

निघण्याआधी सगळ्यांना आपापल्या ठरलेल्या जागी जमवून सुरक्षेची कवायत घेतात. सात छोटे भोंगे आणि एक लांब, हा धोक्याचा इशारा. 2012 मध्ये इटलीच्या किनाऱ्यावर 'कोस्टा कॉन्कॉर्डिया' कललं तेव्हा नव्याने चढलेल्या बऱ्याच प्रवाशांची ही कवायत झालेली नव्हती. त्यानंतर ती जहाज सुटण्याआधी किंवा सुटताक्षणी घेण्याचा नियम जगभर झाला. लाइफजॅकेट घालून दाखवणाऱ्या मुलाला जिजींनी विचारलं, नऊवारीवर हे कसं घालायचं? त्याने पदर खोचून कसं बांधायचं ते खुणेने दाखवलं. मग, "तू कोनता गावना रे भाऊ?" मणिपूर, तो म्हणाला. "तठे कापूस व्हस का?"

संध्याकाळी सुटलो. गेटवे आणि ताज समुद्राच्या बाजूने पाहायला मिळतात, नौदलाच्या राखाडी बोटी, कुलाब्याच्या टोकाला प्राँग्जचं दीपगृह. नंतर डाव्या हाताला अलिबागकडची किनारपट्टी आणि अंधारात जाणारं खांदेरी. शिवाजी महाराजांनी 1679 मध्ये ते बेट बांधायला घेतलं तेव्हा मुंबईच्या इंग्रजांनी आपली गलबतं आडवी घातली होती, आणि तरी किल्ला उभा राहिला. 2025 मध्ये युनेस्कोच्या यादीत गेलेल्या मराठा किल्ल्यांमध्ये खांदेरी आहे. भाच्याला हे सांगत होते, तो मोबाईलवर जहाजाचा नकाशा पाहत म्हणाला, "मामी, स्विमिंग पूल दहा वाजता बंद होतो."

रात्री नऊच्या सुमाराला नानांच्या फोनची रेंज गेली. सालदाराशी बोलणं अर्धंच राहिलं होतं.

दुसरा दिवस : नुसतं पाणी

जाऊबाई पहाटे पाचला उठल्या. आंघोळ केली, पदर खोचला आणि खोलीबाहेर येऊन उभ्या राहिल्या. चूल नाही, म्हैस नाही, अंगण नाही. मला दार वाजवून उठवलं : "काय करायचं गं आता?" आम्ही दोघी वरच्या डेकवर गेलो. एक माणूस फरशी धूत होता. जाऊबाई त्याच्याकडे बघत राहिल्या. धुणाऱ्याकडे आपण नुसतं बघत बसलोय हे त्यांना सहन होत नव्हतं. मग आम्ही चालायला लागलो. डेकला फेऱ्या मारता मारता त्यांनी मला लग्नाआधीच्या गोष्टी सांगितल्या. धुळ्याला त्या शिवणकामाच्या वर्गाला जायच्या आणि त्यांना मशीन घ्यायचं होतं, हे मला इतक्या वर्षांत माहीत नव्हतं. घरात आम्ही दोघी कायम एकत्र असतो, पण दोघींच्या मध्ये परात असते.

या सहलीबद्दल काही सांगायचं तर मी हेच सांगेन. जहाजावर गाव बघायला जाऊ नये, गावं तिथे धड बघून होत नाहीत. घरातल्या बायकांच्या हातातलं काम काढून घेऊन त्यांना चार-पाच दिवस एका जागी ठेवायचं असेल तर जावं.

नाश्त्याला सगळे भेटले आणि त्यानंतर घर फुटलं. पोरं पूल आणि चढायच्या भिंतीवर, पुतण्या आणि पुतणसून दोन वर्षांच्या लेकीला घेऊन कुठे सावली आहे ते शोधत, मेहुणे थिएटरमध्ये, हे झोपायला. आक्काला जहाज लागलं. डोलणं कमी करायला जहाजाच्या पोटाखाली दोन्ही बाजूंना माशाच्या परांसारखे पंख असतात, ते पाण्यात कोन बदलून तोल सांभाळतात, आणि आम्हाला तर काही कळत नव्हतं, पण आक्काला कळत होतं. आलेपाक, आवळा सुपारी आणि दूरच्या रेषेकडे बघत बसणं. तिसरा उपाय लागू पडला. त्या रेषेकडे बघत बसायला आबा आधीच तिथे होते. बाप-लेक दुपारपर्यंत शेजारी शेजारी बसले. आक्का सुरतला गेली तेव्हापासून सणाला येते, दोन दिवस राहते, त्यातला दीड दिवस पाहुण्यांमध्ये जातो. काय बोलले माहीत नाही. मी चहा घेऊन गेले तेव्हा आबा तिला गिरणेचा 1969 चा पूर सांगत होते.

आबांचं एक गणित मात्र पक्कं होतं. आपली गिरणा तापीला मिळते, तापी सुरतेजवळ समुद्राला. "गिरना तापीले मियस, तापी आठे येस. मंग हाई पानी आपलंच शे ना?" शेकडो मैल लांब असलं तरी चूक नव्हतं.

जिजींना मात्र वेगळाच पेच पडला. नळाला गोड पाणी, दिवसभर, गरम आणि थंड. "हाई पानी कथाईन येस?" समुद्रातून, म्हटल्यावर त्या नळाखाली बोट धरून चाखायला लागल्या. "मंग खारं काबर नही लागस?" नानांनी मग हा विषय स्वतःकडे घेतला. ठिबकचा माणूस, पाण्याचा हिशेब त्यांच्या अंगातच आहे. जहाजावरच्या एका तांत्रिक माणसाला गाठून त्यांनी जे समजून घेतलं ते असं : इंजिनाची जी उष्णता वाया जाते तिच्यावर समुद्राचं पाणी तापवतात, पण भांड्यातली हवा काढून घेतात. हवेचा दाब कमी झाला की पाणी शंभर अंशांच्या खूप आधीच उकळतं. वाफ थंड केली की गोडं पाणी. मोठ्या जहाजांवर याच्या जोडीला पडद्यातून दाबाने पाणी गाळण्याची यंत्रंही असतात, आमच्याकडच्या आरओची थोरली भावंडं. नाना हे जेवताना सगळ्यांना दोनदा सांगून मोकळे झाले.

जहाजाच्या आकाराचं तर भांडणच झालं. पुतण्याने वाचून दाखवलं की हे 48,563 टनांचं. नानांनी क्विंटलमध्ये मांडायला घेतलं तर तो म्हणाला, हे वजन नाही, आतल्या बंदिस्त जागेचं माप आहे, नाव फक्त टन. नाना म्हणाले, मग टन कशाला म्हणता? यावर कोणाकडे उत्तर नव्हतं. जगातल्या सर्वात मोठ्या प्रवासी जहाजांपैकी एक 'आयकॉन ऑफ द सीज' 2024 मध्ये अमेरिकेतून सुरू झालं. ते 365 मीटर लांब आणि याच मापाने जवळजवळ अडीच लाख टनांचं, म्हणजे आमची पाच जहाजं त्यात मावतील. आबा म्हणाले, तिथे माणसं एकमेकांना सापडत असतील का? आम्हाला तर इथेच सापडत नव्हती. फोन बंद, त्यामुळे "एक वाजता जेवणाच्या दारापाशी" हा जुना जत्रेतला नियम लागू झाला. पहिल्या दिवशी तरुण मंडळींना त्याचा राग आला. दुसऱ्या दिवशी तेच पाच मिनिटं आधी यायला लागले.

जेवण शाकाहारी, जैन, सगळं होतं. आबा-जिजी माळकरी, त्यांची सोय उत्तम झाली. पण खान्देशी जिभेला देशभरासाठी शिजवलेलं काही पुरत नाही, त्याला जहाज तरी काय करील. रात्री जाऊबाई वाढणाऱ्या मुलाला विचारून आचाऱ्यापर्यंत पोचल्या आणि काळ्या मसाल्यात काय काय भाजतात यावर दहा मिनिटं बोलून आल्या. दुसऱ्या दिवशी आमच्या टेबलावर एक वाटी वेगळी आली. शेवभाजी नव्हती ती, पण खाणाऱ्याला घाम फोडील एवढी हिंमत तिच्यात होती. नाना दोनदा घेऊन बसले.

तिसरा दिवस : कोची

सकाळी जाग आली तर जमीन. आमचं जहाज विलिंग्डन बेटाला लागलं. हे बेट बरंचसं माणसाने केलेलं. कोचीचं आधुनिक बंदर करताना रॉबर्ट ब्रिस्टो या इंग्रज इंजिनिअरच्या देखरेखीखाली खाडी खोल केली आणि निघालेला गाळ टाकून बेट उभं राहिलं.

हातात मोजके तास. पोरांना फोर्ट कोची, मला मट्टनचेरी, नानांना मिरीचा भाव, जिजींना देऊळ. तीन टॅक्स्या केल्या आणि अर्धा वेळ एकमेकांची वाट बघण्यात गेला. चिनी जाळी पाहिली. मोठमोठ्या लाकडी दांड्यांवर टांगलेली, दगडांच्या वजनाने वर-खाली होणारी. ओढायला चार-पाच माणसं लागतात आणि त्या वेळी तरी जाळ्यात फारसं काही नव्हतं. सेंट फ्रान्सिस चर्चमध्ये वास्को द गामाला 1524 मध्ये पुरलं होतं. पुढे त्याचे अवशेष पोर्तुगालला नेले, इथे नुसती जागा राखलेली आहे. आबा त्या कठड्यापाशी बराच वेळ उभे राहिले. "हाऊ कितला दूरथून उना," ते म्हणाले, "आन् आपन मुंबईले जावाले बी घाबरतस."

मट्टनचेरीचं 1568 चं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, मी एकटीने, धावत पाहिलं. निळ्या-पांढऱ्या चिनी फरश्या, प्रत्येकीवरचं चित्र हाताने काढलेलं. दहा मिनिटांत काय दिसणार? बाहेरच्या गल्लीत वेलदोडा, मिरी, सुंठ, जायफळ. नानांनी भाव विचारला, ऐकला, पाठ केला आणि काही घेतलं नाही. जाऊबाईंनी अर्धा किलो मिरी घेतली.

जहाजाने पाहिलेल्या गावाची ही मर्यादा. कोचीला पुन्हा जावं लागेल, रेल्वेने.

चौथा दिवस : अगत्ती

लक्षद्वीपला जायला भारतीय माणसालाही परवाना लागतो. तो बुकिंगसोबत झाला होता, कागदपत्रं मात्र वेळेत द्यावी लागतात. छत्तीस बेटं, माणसं राहतात फक्त दहांवर. सगळ्या बेटांची मिळून जमीन 32 चौरस किलोमीटर. आमच्या भडगाव तालुक्यातली तीन-चार मोठी शिवारं जोडली तर भरेल एवढी. जहाज बेटाला लागू शकत नाही, बाहेर खोल पाण्यात थांबतं, आणि तिथून लहान बोटींनी न्यायचं. समुद्र खवळलेला असला तर उतरणं रद्द होतं. ही शक्यता धरूनच जावं.

उतरायच्या दारापाशी ठरलं की आबा नकोत. हलत्या बोटीत पाय टाकायचा, गुडघ्यांचा भरवसा नाही. त्यांच्यासोबत आक्का थांबली, बोटीचं नाव काढल्यावर तिचा चेहरा उतरलाच होता. जिजी म्हणाल्या, मी जाते. आम्ही सगळे एकदम नको म्हणालो. त्यांनी पदर कमरेला खोचला, बोटीतल्या माणसाच्या दोन्ही मनगटांना धरलं आणि आम्ही बोलत असेपर्यंत आत जाऊन बसल्या. उभं आयुष्य बैलगाडीवर चढण्या-उतरण्यात गेलेल्या बाईला बोट म्हणजे काय.

पाण्याच्या रंगाबद्दल मी लिहिणार नाही, सगळेच लिहितात, आणि फोटो खोटे वाटतात इतके खरे आहेत. अगत्ती म्हणजे जेमतेम एक किलोमीटर रुंदीची प्रवाळाची पट्टी, टोकाला विमानाची धावपट्टी. एका बाजूला खाडीसारखं शांत, उथळ पाणी, त्याच्या कडेला प्रवाळाची भिंत, भिंतीपलीकडे एकदम अथांग. काचेच्या तळाची बोट केली. पोरं मासे मोजत होती, जिजी काचेवर हात ठेवून बसल्या होत्या. एक मोठं हिरवट कासव खालून गेलं तेव्हा त्यांनी हात जोडले.

बेटावर शेती अशी नाही. वाळू, नारळ, आणि मासेमारीत टुना. एका घरासमोर एक बाई काथ्या वळत बसली होती. जिजी तिच्याजवळ जमिनीवरच बसल्या. ती तिच्या भाषेत, मल्याळीच्या एका बोलीत, जिजी अहिराणीत, आणि दोघींना काही अडलं नाही. काथ्याचा दोर आणि आमच्याकडचा अंबाडीचा दोर यांची वळण्याची पद्धत वेगळी आहे. जिजींनी आपली करून दाखवली, तिने आपली. नंतर जिजींनी आसपास पाहून मला विचारलं, "कुत्रं काबर दिसत नही?" खरंच नव्हतं. लक्षद्वीपमध्ये कुत्री नाहीत, ठेवू देत नाहीत, त्यामुळे तिथे रेबीजही नाही. गल्लीत रात्री काठी घेऊन बाहेर पडणाऱ्या माणसाला याचं मोल कळेल.

नाना मात्र पुन्हा पाण्यापाशी गेले. या बेटांवर विहिरी आहेत, पण पावसाचं गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर पातळ थरासारखं तरंगतं. जास्त उपसलं की खालून खारं वर येतं आणि विहीर बिघडते. आमच्याकडे रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात बोअर दरवर्षी खोल जातात. इथे खोल गेलं की पाणी संपत नाही, खराब होतं. म्हणून इथे समुद्राचं पाणी गोडं करणारी सरकारी यंत्रणा आहे. चेन्नईच्या राष्ट्रीय समुद्र तंत्रज्ञान संस्थेने पहिली 2005 मध्ये कवरत्तीला उभी केली, 2011 मध्ये अगत्ती आणि मिनिकॉयला. रोजची क्षमता एक लाख लिटर. वरचं कोमट पाणी कमी दाबाखाली वाफ होतं, आणि साडेतीनशे-चारशे मीटर खोलीवरचं गार पाणी लांब नळीने वर आणून त्या वाफेला थंड करतात. दोन पाण्यांच्या तापमानातल्या फरकावर सगळं चालतं. "जहाजावर इंजिनाची उष्णता, इथे उन्हाची," नाना म्हणाले. नाना शाळेत जेमतेम नववीपर्यंत गेले. त्यांनी हे मला जितकं नीट समजावलं तितकं मला कोणी विज्ञानाच्या तासाला समजावलं नव्हतं, आणि मी शाळेत शिकवते.

परत आलो तर आबांनी अख्खा दिवस बाल्कनीतून आमच्या बोटी मोजल्या होत्या. कोणती कधी गेली, कोणती कधी आली, कोणत्या बोटीत जिजींचं हिरवं लुगडं होतं. जिजी त्यांना बेट सांगायला बसल्या आणि त्यांनी काथ्यापासून सुरुवात केली.

पाचवा दिवस : भांडण आणि औक्षण

पुन्हा दिवसभर समुद्र. सकाळी उडते मासे दिसले, पाण्याला चिकटून उडणारी चंदेरी रेघ, थोडी लांब जाते आणि बुडते. पोरांनी त्यावर पैजा लावल्या.

दुपारी भांडण झालं. व्हायचंच होतं. फोन नाही, उठून जायला गाव नाही, आणि सगळे एका टेबलाला. विषय तोच, आबा-जिजींनी आता जळगावला आमच्याकडे किंवा पुण्याला यावं. त्यातून निघालं शेत. पुतण्या म्हणाला, मी गावी येणार नाही, मला येत नाही शेती. हे सगळ्यांना माहीत होतं, पण असं टेबलावर कोणी ठेवलं नव्हतं. नाना म्हणाले, "मग मी हे कोणासाठी करू राह्यलो?" जाऊबाई रडल्या नाहीत, त्यांनी शांतपणे पाणी प्यायलं आणि म्हणाल्या, "त्याला येत नाही म्हणतो, तर येत नाही. माझ्या पोरीला विचारलं का कोणी?" पुतणी बी.एस्सी. ॲग्रीला आहे. सगळे तिच्याकडे वळले. ती म्हणाली, "मला कोणी विचारलंच नाही." तिथून बोलणं दुसऱ्या वाटेला लागलं आणि चहा येईपर्यंत चाललं. काही ठरलं नाही. गावी हे बोलणं सुरू होताच कोणीतरी बाहेर ओट्यावर निघून जातं. इथे ओटा नव्हता.

संध्याकाळी आबांचं औक्षण. जहाजावर उघडी ज्योत चालत नाही, आगीची भीती सर्वात मोठी, त्यामुळे निरांजन नाही. जिजींनी ताटात सोन्याची अंगठी आणि सुपारी घेतली, पहिल्या दिवशी टर्मिनलवर कातरलेल्यातली नव्हे, अख्खी. अंगठी-सुपारीने ओवाळणं आमच्याकडे तसंही असतंच. पुतण्याच्या लेकीने आजोबांच्या आजोबांसारखा चेहरा करून त्यांच्या कपाळावर अक्षता फेकल्या, बहुतेक कानावर. जेवणघरातल्या मुलांनी शिऱ्याची मूद करून आणली. चंद्र निघायला उशीर होता, आबांनी थांबायचं नाही म्हटलं : "हजार दखी लिनात, एक राहिना ते राहिना."

सहावा दिवस : मुंबई

पहाटे रेंज आली आणि सगळे फोन एकदम वाजायला लागले. नानांनी डेकवरूनच सालदाराला लावला. कापूस वेचून झाला होता, दोन बिघे सोडून. वरचा खर्च, पाणी-सरबतं, फोटो वगैरे, उतरण्याआधी खोलीच्या कार्डावरून चुकता करायचा असतो. रात्रीच करून ठेवावा, सकाळी तिथे रांग लागते. जिजींनी पावती चोळीतून काढली आणि अडकित्ता मिळाल्याशिवाय पाऊल उचललं नाही.

स्टेशनवर फाटाफूट झाली. आक्काची मंडळी सुरतेच्या गाडीला, पुतण्याचं कुटुंब पुण्याला. पुतणी आमच्यासोबत आली, सुटी शिल्लक होती. गाडीत समोरच्या बाकावर अकोल्याचं एक कुटुंब होतं. आबांनी त्यांना लक्षद्वीपची पाणी गोडं करायची यंत्रणा सांगायला घेतली, आणि रोजचं पाणी दहा लाख लिटर सांगितलं. नानांनी वरच्या बर्थवरून दुरुस्त केलं, एक लाख. आबा म्हणाले, तू बेटावर गेला होतास, मी नव्हतो, मला जास्त ऐकू आलं. ते मनमाड येईपर्यंत चाललं होतं.